दीड हजारांचा गेमपॅड आणि सात दिवसांची मुदत: इंदिरानगरमधलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

नाशिकच्या इंदिरानगर भागातलं चौघांचं घर. वडील अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मेंटेनन्सला, आई घरी शिवणकाम करते, थोरली मुलगी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, धाकटा नववीत. नावं आणि ओळख पटेल असे तपशील मुद्दाम गाळले आहेत. घरात लॅपटॉप एकच, तोही मुलीच्या कॉलेजसाठी घेतलेला. आठ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. दिवसभर तो तिचा, संध्याकाळी जेवणाआधी तासभर धाकट्याचा.

मी याच भागात कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो. लॅपटॉप माझ्याकडे आला तो कीबोर्डच्या तक्रारीवरून. 'ए'चं बटण एका बाजूने उचललं गेलं होतं आणि 'डब्ल्यू'वरचं अक्षर पुसट झालं होतं. गाडी चालवायच्या गेममध्ये पुढे जायला 'डब्ल्यू', मागे यायला 'एस', वळायला 'ए' आणि 'डी' वापरतात, त्यामुळे झीज कशाने झाली हे विचारायची गरजच नव्हती. या मॉडेलमध्ये कीबोर्ड वरच्या पॅनलला रिव्हेटने पक्का केलेला असतो. बदलायचा म्हणजे जवळपास सगळं खोलावं लागतं आणि खर्च दोन हजारांच्या घरात जातो. बटण तेवढं बसवून दिलं. पण असंच चालू राहिलं तर वर्षभरात पुन्हा यावं लागेल, हेही स्पष्ट सांगितलं.

घरी यावर बरीच चर्चा झाली. मुलीचं म्हणणं, सबमिशनच्या आदल्या रात्री बटण निखळलं तर मी काय करायचं? आईचं म्हणणं, खेळच बंद करा. वडिलांनी मधला मार्ग काढला: गेमपॅड, म्हणजे दोन्ही हातांत धरून गेम खेळायचं यंत्र घेऊ, पण दीड हजाराच्या वर एक रुपया नाही.

अडचण नेमकी काय होती

कीबोर्ड वाचवणं हे एक कारण. दुसरं कारण खेळातलं होतं आणि मला ते तितकंच रास्त वाटतं. कीबोर्डचं बटण एक तर दाबलेलं असतं, नाही तर नसतं. वळणावर गाडी थोडीशी वळवायची म्हटलं तर बटण टकटक करत राहावं लागतं. गेमपॅडची स्टिक, म्हणजे अंगठ्याने ढकलायची छोटी दांडी, जितकी ढकलाल तितकं वळण मिळतं, आणि ट्रिगर, म्हणजे तर्जनीखालचा खटका, जितका दाबाल तितका वेग. शिवाय लॅपटॉपच्या बहुतेक कीबोर्डमध्ये बटणं आडव्या-उभ्या तारांच्या जाळीवर जोडलेली असतात, त्यामुळे काही ठरावीक तीन बटणं एकदम दाबली की तिसरं नोंदलंच जात नाही. सुट्टीत मामेभाऊ आला की दोघं एकाच कीबोर्डवर खेळायचे आणि "तू मुद्दाम माझं बटण अडवतोस" म्हणून भांडायचे. मुद्दाम कुणीच अडवत नव्हतं.

खेळायचे गेम दोन. एक रॉकेट लीग, गाड्यांनी फुटबॉल खेळायचा, जो २०२० पासून फुकट आहे आणि साध्या लॅपटॉपवरही सेटिंग कमी करून चालतो. दुसरा जीटीए सॅन अँड्रियास, शहरात पायी आणि गाडीने फिरायचा, ताईकडून वारशाने आलेला. ही जोडी पुढे महत्त्वाची ठरली. सॅन अँड्रियास कॉम्प्युटरवर आला जून २००५ मध्ये. मायक्रोसॉफ्टचं टीव्हीला जोडून खेळायचं यंत्र, एक्सबॉक्स ३६०, आलं त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये, आणि त्याच्यासोबत विंडोजमध्ये गेमपॅड ओळखायची नवी पद्धत आली, एक्सइनपुट. त्याआधीची पद्धत डायरेक्टइनपुट. म्हणजे या घरातला एक गेम जुन्या पद्धतीचा आणि एक नव्या पद्धतीचा होता.

समोर असलेले पर्याय

सगळ्यात स्वस्त पर्याय म्हणजे चार-पाचशे रुपयांचा साधा वायरचा पॅड. त्यातले बरेचसे फक्त डायरेक्टइनपुट बोलतात. आजच्या बहुतेक गेमना एक्सइनपुट लागतं, मग मध्ये भाषांतर करणारं वेगळं सॉफ्टवेअर टाकावं लागतं. नववीतल्या मुलाने नेटवरून काहीतरी उतरवून ताईच्या कॉलेजच्या लॅपटॉपवर टाकावं, हे मला पटत नव्हतं.

दुसरा, हजाराच्या आसपासचा वायरचा पॅड ज्यात दोन्ही पद्धती असतात. तिसरा, तसाच पण बिनवायरचा, सोबत लॅपटॉपच्या यूएसबीत लावायचा २.४ गिगाहर्ट्झचा छोटा डोंगल, म्हणजे पॅडचा रेडिओ संदेश पकडणारा तुकडा, दीड हजाराच्या आत-बाहेर. चौथा, जुना वापरलेला एक्सबॉक्सचा पॅड. पाचवा, हॉल इफेक्ट स्टिकचा पॅड, जो बजेटच्या वर जात होता.

पाचव्याबद्दल वडिलांनी जेवढं ऐकून घेतलं तेवढं बाकी कुणी घेतलं नाही. साध्या पॅडच्या प्रत्येक स्टिकखाली दोन पोटेन्शिओमीटर असतात, एक आडव्या हालचालीचा आणि एक उभ्या. कार्बनच्या पट्टीवर धातूची जीभ घासत फिरते. घासून पट्टी झिजली, भुकटी साठली की स्टिक सोडल्यावरही पॅड "थोडं डावीकडे" असं सांगत राहतो. यालाच ड्रिफ्ट म्हणतात. जुन्या रेडिओचं आवाजाचं बटण फिरवताना खरखर यायची, तोच हा आजार. हॉल इफेक्टमध्ये घासणं नाहीच. स्टिकला चुंबक असतो आणि खालचा सेन्सर चुंबकीय क्षेत्र मोजतो. एडविन हॉलने १८७९ मध्ये शोधलेल्या परिणामावर हे चालतं, आणि सेगा कंपनीच्या ड्रीमकास्ट या गेम खेळायच्या यंत्राच्या पॅडमध्ये ते १९९८ सालीच होतं. वडील म्हणाले, "आमच्या मशिनवरचे घासणारे सेन्सर आम्ही कधीच काढून टाकले. बिनस्पर्शाचे बसवले." तरीही बजेट बजेटच राहिलं.

पहिला निर्णय: कुठून घ्यायचा

वडिलांचा आग्रह एमजी रोडवरच्या दुकानाचा. वस्तू हातात धरून बघता येते, दुकानदार समोर असतो. ते मुलाला घेऊन गेलेही. पॅड धरून बघण्याचा मोठा उपयोग झाला: एका पॅडचे खांदे इतके रुंद होते की मुलाची बोटं ट्रिगरपर्यंत नीट पोचत नव्हती. पण दुकानात एकच नियम होता, सील तोडलं की परत नाही. बिघाड निघाला तर वॉरंटीत सर्व्हिस सेंटरला पाठवा. लॅपटॉपला जोडून दाखवायची सोय नव्हती.

मुलाच्या हातात नीट बसलेला पॅड मुलीने ऑनलाइन बघितला. किंमत थोडी कमी आणि खाली "७ दिवस" असं लिहिलेलं. तिने ते उघडून वाचलं. सात दिवसांत पैसे परत मिळणार नव्हते, फक्त बदली मिळणार होती. इलेक्ट्रॉनिक्सच्या बऱ्याच वस्तूंना आता असंच असतं आणि घाईत बहुतेक लोक ते वाचत नाहीत. म्हणजे मॉडेल आवडलं नाही तर सुटका नाही, पण नग सदोष निघाला तर दुसरा मिळणार. दुकानात हात बसतो का हे बघून झालंच होतं, म्हणून त्यांनी तिसरा पर्याय ऑनलाइन घेतला.

बिनवायरचा का? मुलाला हवा होता म्हणून. लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर असतो आणि खुर्ची त्याच्यापासून हातभर लांब. मी वायरच्या पॅडच्या बाजूने होतो आणि अजूनही आहे.

सात दिवसांत काय काय झालं

पहिल्या संध्याकाळी रॉकेट लीग सुरळीत चालला. दुसऱ्या दिवशी तक्रारींची यादी आली: सॅन अँड्रियासमध्ये ट्रिगर चालत नाहीत, खेळता खेळता मध्येच पॅड अर्धा सेकंद मरतो, आणि गेममधला माणूस आपोआप चालत सुटतो. धाकट्याचा निकाल तयार होता, पॅड खराब आहे, परत करा.

मला मात्र बदलीची विनंती लगेच टाकायची नव्हती. या तीन तक्रारींमध्ये दोष कुणाचा हे आधी वेगळं करायला हवं होतं. सेटिंगचा दोष असेल तर दुसऱ्या नगातही तोच दिसेल आणि मुदत वाया जाईल. हार्डवेअरचा दोष असेल तर सेटिंग करत बसण्यात मुदत निघून जाईल. स्वस्त पॅडच्या चाचणीत मला हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते.

ट्रिगरची तक्रार. विंडोजच्या रन खिडकीत 'जॉय डॉट सीपीएल' टाकलं की पॅडची चाचणीची खिडकी उघडते. पॅड तिथे एक्सबॉक्स ३६० च्या नावाने दिसत होता, म्हणजे एक्स मोडमध्ये, एक्सइनपुट बोलत होता. डावा ट्रिगर दाबला की झेड अक्षाची पट्टी एका टोकाला, उजवा दाबला की दुसऱ्या टोकाला. दोन्ही एकदम दाबले की पट्टी बरोब्बर मध्ये, जणू काहीच दाबलेलं नाही. मुलगा म्हणाला, "बघा ना काका, एकमेकांना खाऊन टाकतायत." दिसतं तसंच. पण हा बिघाड नाही. एक्सइनपुटचा पॅड जुन्या डायरेक्टइनपुटच्या खिडकीतून बघितला की दोन्ही ट्रिगर एकाच अक्षावर येतात, ती पद्धतच तशी आहे. तोच पॅड ब्राउझरमधल्या गेमपॅड चाचणीत उघडला तर दोन्ही ट्रिगर वेगवेगळे, शून्यापासून एकपर्यंत गुळगुळीत सरकत होते. पॅड ठणठणीत होता. जुना गेम त्याच्याकडे जुन्या खिडकीतून बघत होता, एवढंच.

उपाय पॅडमध्येच होता. मधलं बटण काही सेकंद दाबून धरलं की दिवा बदलतो आणि पॅड डी मोडमध्ये, म्हणजे डायरेक्टइनपुटवर जातो. त्या मोडमध्ये या पॅडचे ट्रिगर साध्या बटणांसारखे नोंदले जातात. दाब कमी-जास्त करता येत नाही, पण सॅन अँड्रियासच्या मेनूत ती बटणं नेमून देता आली. रॉकेट लीगला एक्स, सॅन अँड्रियासला डी, असा कागद मुलाने टेबलाच्या काचेखाली सरकवला.

मध्येच मरण्याची तक्रार. डोंगल लॅपटॉपच्या निळ्या, म्हणजे यूएसबी ३ च्या पोर्टमध्ये होता आणि त्याला खेटून ताईची बाहेरची हार्ड डिस्क. यूएसबी ३ ची केबल आणि उपकरणं चालू असताना २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट पसरवतात; इंटेलने २०१२ मध्ये यावर सविस्तर लिहिलं आहे. बिनवायरचे माऊस, कीबोर्ड आणि गेमपॅड त्याच पट्ट्यात बोलतात. हार्ड डिस्क काढली तर पॅड नीट चालला, लावली की पुन्हा अडखळला. डोंगल दुसऱ्या बाजूच्या जुन्या पोर्टमध्ये, हातभर एक्स्टेन्शन वायर लावून टेबलाच्या कडेला ठेवला, आणि हार्ड डिस्क चालू असतानाही तक्रार राहिली नाही. खर्च एका वायरचा.

आपोआप चालण्याची तक्रार. इथे मात्र वेगळं निघालं. आधी पॅड वायरने जोडला, म्हणजे रेडिओचा प्रश्न बाजूला पडला. माणूस तरीही चालत होता. मग ब्राउझरच्या चाचणीत डावी स्टिक बघितली. स्टिकचं माप उणे एक ते एक असं दिसतं, सोडल्यावर शून्याच्या जवळ यायला हवं. ०.०३, ०.०५ असं राहणं साध्या पॅडला चालतं. त्यासाठीच डेडझोन असतो, मध्याभोवतीचा असा भाग ज्यातली हालचाल गेमने सोडून द्यायची. मायक्रोसॉफ्टने एक्सइनपुटसाठी सुचवलेला डाव्या स्टिकचा डेडझोन ३२,७६७ पैकी ७,८४९ आहे, म्हणजे जवळपास २४ टक्के. चांगलाच ऐसपैस, पण तो पाळायचा की नाही हे प्रत्येक गेमवर असतं.

या पॅडची डावी स्टिक हलकेच सोडली तर ०.०४ वर येत होती. पण डावीकडे टोकापर्यंत ढकलून झटक्यात सोडली की उणे ०.१९ वर अडकायची. बोटाने टिचकी मारली की परत यायची. उजवीकडून सोडली तर ०.०६. म्हणजे प्रत्येक वेळी ती वेगळ्या जागी थांबत होती. सतत एकाच बाजूला थोडी सरकलेली स्टिक कॅलिब्रेशनने, म्हणजे मध्य कुठे हे पुन्हा नेमून देऊन, सावरता येते. पण दर वेळी नव्या जागी थांबणारी स्टिक म्हणजे आत काहीतरी अडतंय किंवा स्प्रिंग ढिली आहे. नव्या कोऱ्या पॅडमध्ये हे खपवून घ्यायचं कारण नाही.

दुसरा निर्णय: सावरायचं, खोलायचं की बदलायचं

तीन मतं पडली. धाकटा आता परत पाठवायला तयार नव्हता. डेडझोन वाढवला की रॉकेट लीग छान चालतोय, हे त्याच्या लक्षात आलं होतं. दहा दिवस पॅडशिवाय बसायची त्याची तयारी नव्हती. सॅन अँड्रियासच्या मेनूत मात्र तशी सोय सापडली नाही.

वडिलांनी स्क्रू ड्रायव्हर काढला. कारखान्यात असा दोष आला तर ते काँटॅक्ट क्लीनर, म्हणजे विजेचे जोड साफ करायचा फवारा, मारतात, आणि पोटेन्शिओमीटरच्या ड्रिफ्टला त्याने अनेकदा फरक पडतोही. मुलीने त्यांचा हात धरला. "पप्पा, एक स्क्रू स्टिकरखाली आहे. ते फाटलं की बदली पण गेली आणि वॉरंटी पण." तिचं बरोबर होतं. खोलण्याचा उपाय वॉरंटी संपल्यानंतरचा आहे, मुदत चालू असताना तो सगळ्यात महाग पडतो.

चौथ्या दिवशी बदलीची विनंती टाकली. पहिल्यांदा नाकारली गेली. "स्टिक खराब" एवढ्या दोन शब्दांवर समोरच्याने वस्तू चालू आहे असं ठरवलं. मग मुलीने पुन्हा विनंती केली आणि सोबत एक छोटा व्हिडिओ जोडला. एकाच चौकटीत पॅडवरचा अंगठा आणि स्क्रीनवरचा आकडा: स्टिक डावीकडे, सोडली, उणे ०.१९, हात पूर्ण बाजूला, आकडा तिथेच. त्यावर बदली मंजूर झाली. नसती झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करायचं ठरलं होतं.

ट्रिगर आणि डोंगलच्या तक्रारी तिने त्या विनंतीत लिहिल्या नाहीत. हा निर्णय मला फार आवडला. तीन तक्रारी लिहिल्या असत्या तर समोरच्याने ट्रिगरच्या तक्रारीवर सेटिंग बदलायचा सल्ला देऊन प्रकरण बंद केलं असतं.

काय निष्पन्न झालं

दुसरा नग आला. त्याची डावी स्टिक सगळ्या बाजूंनी सोडली तरी ०.०५ च्या आत येत होती. डी-पॅडचे, म्हणजे चार दिशांच्या अधिकच्या आकाराच्या बटणाचे, तिरके दाब मात्र नीट लागत नाहीत, वर-डावीकडे दाबलं की कधी नुसतं वर नोंदतं. स्वस्त पॅडमध्ये पैसा वाचवायची ती नेहमीची जागा. मारामारीचे गेम खेळणाऱ्याला हा दोष चालला नसता, तिथे तिरके दाबच लागतात. या घरातल्या दोन्ही गेममध्ये त्याची गरज नाही, म्हणून पॅड ठेवला.

कीबोर्डची झीज जवळपास थांबली. मामेभाऊ आला की एकाच्या हातात पॅड आणि दुसऱ्याच्या हातात कीबोर्ड, त्यामुळे ते भांडणही संपलं. आता सहा महिने होऊन गेले आहेत. डाव्या स्टिकचा आकडा सरकत सरकत ०.०९ वर आला आहे. अजून डेडझोनच्या आत आहे, पण दिशा कळते.

वेगळं काय करता आलं असतं

वायरचा पॅड पुरला असता. खुर्ची हातभर लांब असताना बिनवायरच्या सोयीसाठी चार-पाचशे रुपये जास्त गेले, शिवाय डोंगलची भानगड आणि आतली बॅटरी दोन्ही मागे लागल्या. ते पैसे वाचवून थोडी भर घातली असती तर हॉल इफेक्टच्या पॅडजवळ पोचता आलं असतं. मात्र एक गोष्ट तेव्हाही सांगितली असती: हॉल सेन्सर झिजत नाही, पण स्टिक मध्यावर आणणारी स्प्रिंग तिथेही स्प्रिंगच असते. चाचणी तिचीही करावीच लागते.

चाचणीचा क्रम उलटा लावायला हवा होता. घरच्यांनी आधी गेम लावला आणि गेममधल्या त्रासावरून दोष शोधायला लागले. आधी वायर, मग ब्राउझरमधली चाचणी, स्टिक चारही बाजूंनी ढकलून सोडणं, ट्रिगर हळू दाबून बघणं, प्रत्येक बटण. आणि हे सगळं झाल्यावर गेम. यात पहिल्याच संध्याकाळी स्टिकचा दोष सापडला असता आणि विनंतीला पूर्ण आठवडा मिळाला असता. सापडला तेव्हा हातात थोडेच दिवस उरले होते, त्यातला एक नाकारलेल्या विनंतीत गेला.

एका बाबतीत मुलीचं आणि माझं अजून पटत नाही. जाहिरातीत "१००० हर्ट्झ" लिहिलेला पॅड घ्यायला हवा होता, असं ती म्हणते. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती वेळा; १२५ हर्ट्झचा पॅड दर ८ मिलिसेकंदांनी आपली स्थिती सांगतो. तिच्या लॅपटॉपचा पडदा सेकंदाला ६० चित्रं दाखवतो, म्हणजे दर चित्राला १६ मिलिसेकंदांहून जास्त. या लॅपटॉपवर, या दोन गेमसाठी तो फरक हाताला जाणवण्यासारखा नाही. पैसे घालायचेच तर स्टिकमध्ये घालावेत, असं माझं ठाम मत आहे.

वॉरंटी वर्षाची आहे. ती संपायच्या महिनाभर आधी स्टिकचे आकडे पुन्हा बघायचे आणि ०.२ च्या पुढे गेले असतील तर सर्व्हिस सेंटरला द्यायचा, असं ठरलं आहे. बिल, पॅडच्या मागचा सिरीयल नंबर आणि आजच्या आकड्यांचा फोटो मुलीने स्वतःच्या मेलवर पाठवून ठेवला आहे. वडिलांनी काँटॅक्ट क्लीनरचा डबा आणून ठेवलाय, तो वॉरंटी संपल्यावरच उघडायचा या अटीवर.